खाणींतील वायुसूचन

खाणींतील वायुसूचन : कोळशाच्या थरांत अडकलेला मिथेन वायू खोदकामाच्या वेळी मोकळा होतो. त्यास रंग वा वास नसतो. हवेत त्याचे प्रमाण सु. ५ ते १५ टक्के असल्यास ठिणगी पडताच स्फोट होतो.

इंग्लंडमधील फेलिंग खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ जण मृत्युमुखी पडले व शास्त्रज्ञांचे या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले. १८१५ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसविलेला सुरक्षा दीप तयार केला. जॉर्ज स्टीव्हन्सन व क्लॅनी यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे असे दीप केले. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे बाहेरील वायू पेटत नाही. दीप होता प्रकाशासाठी. पण वात खाली ओढली असता ज्योतीवर जी फिकट निळी टोपी दिसते, तिच्या उंचीवरून मिथेनाचे प्रमाण अजमावता येई. सारी भिस्त पाहणाऱ्याच्या नजरेवर असे. स्फोट मात्र थांबले नाहीत. वायूच्या भयाने सोडून दिलेल्या जागी मालकांनी पुन्हा काम सुरू केले. शिवाय गंजलेल्या जाळीतून किंवा जोराच्या वाऱ्यात ज्योत बाहेर येई. दीपाच्या कीर्तीपुढे ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

स्फोटानंतरचा कार्बन मोनॉक्साइड वायू दीपाने कळत नाही. वेल्समधील टायलर्सटाउन येथील १८९६ च्या स्फोटात बहुतेक कामगार भाजून नव्हे, तर या वायूने मेले, असे जॉन स्कॉट हॉल्डेन यांना आढळले. त्यांच्या शिफारशीवरून पुढे कॅनरी पक्षी खाणीत नेण्यात येऊ लागले. पक्ष्याचा श्वसनवेग मोठा असल्याने तो माणसाच्या आधी कोसळतो. ब्रिटनने ही प्रथा बंद करण्याचे १९८६ मध्ये ठरविले.

विद्युत् संवेदकात प्लॅटिनमाच्या तारेचे दोन मणी असतात. एकावर उत्प्रेरक असतो. त्यावर मिथेन जळून तार तापते, तिचा विद्युत् रोध वाढतो आणि व्हीटस्टन सेतूचा समतोल ढळतो. ठराविक मर्यादेला यंत्रांचा वीजपुरवठा आपोआप तोडता येतो. भारतात १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत ही मर्यादा १.२५ टक्के होती. तथापि कोळशाच्या धुळीचा धोका हा संवेदक सांगत नाही; तत्कालीन बिहारमधील धोरी येथे २८ मे १९६५ रोजी २६८ कामगार दगावले, त्या स्फोटात धुळीचा मोठा वाटा होता. सिलिकोनच्या वाफांनी उत्प्रेरक निकामी होतो. मिथेन फार वाढल्यास ज्वलनास ऑक्सिजन अपुरा पडून दर्शक उलट कमी आकडा दाखवितो, म्हणून ऑक्सिजनाचे मापनही सोबत करावे लागते.