लंडनच्या बसमध्ये पौंडाची नोट का चालत नाही?

6 जुलै 2014. या दिवसापासून लंडनच्या लाल बसमध्ये रोख पैसे घेणं बंद झालं. खिशात पौंडाच्या नोटा असू द्यात, ड्रायव्हर तिकीट देत नाही. आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली तिकडं नोकरीला आहेत, आई-वडील दोन-तीन महिने राहून येतात. म्हणून हा इतिहास आपल्याही कामाचा आहे.

हे काही एका रात्रीत झालं नाही. 1997 साली हाँगकाँगनं 'ऑक्टोपस' कार्ड आणलं. आधी पैसे भरा, मशीनला कार्ड लावा, भाडं कापलं जाईल. 2003 मध्ये लंडननं त्याच धर्तीवर 'ऑयस्टर' सुरू केलं. डिसेंबर 2005 मध्ये जुन्या रूटमास्टर बस नेहमीच्या मार्गांवरून गेल्या आणि त्यांच्याबरोबर तिकीट फाडून देणारा कंडक्टरही गेला. मग रोख तिकीट महाग ठेवलं. 2014 मध्ये बसचं तेच अंतर रोखीनं 2 पौंड 40 पेन्स, तर कार्डानं 1 पौंड 45 पेन्स. एवढा फरक असल्यावर रोख कोण देणार? शेवटी रोखीनं भाडं देणारे 1 टक्क्याहून कमी उरले. रोख बंद केली तर वर्षाला 2 कोटी 40 लाख पौंड वाचतील, असा तिथल्या वाहतूक संस्थेचा हिशेब होता.

बाहेरून आलेल्या माणसाचं काय? आधी त्याला ऑयस्टर विकत घेऊन त्यात पैसे भरावे लागायचे. डिसेंबर 2012 पासून बसमध्ये आणि सप्टेंबर 2014 पासून भुयारी रेल्वेत थेट बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालू लागलं. परदेशी बँकेचंही बहुतेक चालतं. दिवसभरात कितीही फिरा, ठरलेल्या मर्यादेपुढं भाडं कापत नाहीत. पाहुण्यासाठी ही मोठीच सोय.

पण एक अट आहे, माणशी एक कार्ड. एकच कार्ड दोघांसाठी लावता येत नाही. आता आपल्या घरांकडं बघा. परदेशी चालणारं कार्ड असलंच तर ते बहुधा वडिलांच्या नावावर. आई त्यांच्या मागं चढणार कशी? आयुष्यभर "दोन द्या हो" म्हणून नवऱ्यानं तिकीट काढलं. तिथली बस मात्र तिचं स्वतःचं कार्ड मागते.

दुसरी अडचण आपल्याकडच्या नियमाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 16 मार्च 2020 पासून नवीन कार्ड सुरुवातीला देशापुरतंच चालू असतं. परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही आपण सांगून सुरू करून घ्यायचं. नाहीतर मशीनवर लाल दिवा आणि मागं रांग. शिवाय परदेशी व्यवहारावर आपली बँक वेगळं शुल्क लावू शकते, ते आधी विचारून घ्या.

लंडननं गरिबाला आणि म्हाताऱ्या माणसाला अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही, हेही सांगायला हवं. ऑयस्टरला बँक खातं लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात रोख देऊन त्यात पैसे भरता येतात. आईसाठी हाच सोपा मार्ग. शिल्लक थोडी असेल आणि भाड्याला कमी पडत असेल, तर बसचा एक प्रवास करू देतात, पैसे नंतर भरायचे. रोख बंद करताना या वाटा उघड्या ठेवल्या होत्या.

हे लिहायचं कारण म्हणजे आपल्या एसटीतही आता क्यूआर कोड आलाय. चांगलंच आहे, सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी कमी होईल. पण उद्या कुणी "रोख बंद" म्हणालं, तर पहिला प्रश्न हा विचारा: बाजाराला निघालेली म्हातारी, जिच्याकडं फोन नाही आणि कार्डही नाही, ती बसमध्ये चढणार कशी? लंडनला त्याचं उत्तर आधी तयार ठेवावं लागलं. आपल्याकडं आज ते उत्तर कंडक्टरच्या चामडी बॅगेत आहे. दुसरं उत्तर सापडेपर्यंत ती बॅग राहू द्या.

कुणाचे आई-वडील निघाले असतील तर आईचं कार्ड आधी बघा, मग बॅगा भरा.