मालिशची खोली

पनवेलच्या आमच्या घरातली रस्त्याकडची खोली सूनबाईंनी मालिशच्या व्यवसायासाठी मांडायला घेतली, तेव्हा दादा एवढेच म्हणाले, "लोक काय म्हणतील?" रीतसर शिक्षण घेतलेल्या त्या मुलीचा चेहरा उतरला. मसाज पार्लर म्हटले की लोकांच्या मनात काय येते, हे मलाही ठाऊक होते. म्हणून मी जुनी पुस्तके काढली.

ज्या पनवेलमध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला, तिथे चरकसंहितेपासून सुरुवात करणे साहजिकच होते. तिच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात वमन-विरेचनापूर्वी रुग्णासाठी घर कसे सिद्ध करावे, हे सांगितले आहे. घर मजबूत असावे. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, तरी एका बाजूने हवा खेळती असावी. आत मोकळेपणी वावरता यावे. धूर, ऊन, धूळ यांची बाधा नसावी. नकोसे आवाज आणि वास तिथवर पोचू नयेत. स्नान घालणारे, अंग चेपणारे सेवक हवेत. पण ते शीलवान, स्वच्छ आणि मायाळू असले पाहिजेत. शिवाय गाणारे, वाजवणारे, गोष्टी सांगणारे जवळ असावेत! सूनबाईंनी आणलेला मंद संगीताचा छोटा स्पीकर मग मला नवे खूळ वाटेना.

आपली बाळंतिणीची खोली तरी वेगळी काय होती? झरोक्याला गोधडी, कोपऱ्यात शेगडी, ओवा-शेपांची धुरी, वाटीत कोमट तेल. मालिशवाली बाई आली की दाराला आतून कडी लागे. उघड्या अंगाला ऊब हवी, तसा आडोसाही हवा, हे तिला कुणी शिकवावे लागले नाही.

दादांच्या मनातली शंका मात्र जगभरची आहे. १८९४ साली लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांची वृत्तपत्रांतून ओरड झाली. तेव्हा प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या चौघी परिचारिकांनी धंदा सोडला नाही. त्यांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा आणि वर्तनाचे कडक नियम ठरवले. त्याच संस्थेतून पुढे ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची मोठी संघटना उभी राहिली.

हे सारे मी घरात वाचून दाखवले. सूनबाईंनी खिडकीला जाड पडदा लावला, प्रत्येकासाठी धुतलेली वेगळी चादर ठेवली, दर भिंतीवर लिहिले आणि पाटीवर स्वतःचे नाव व शिक्षण ठळक घातले. लपवण्यासारखे काही नसले, की पाटी मोठी करता येते.

दादा अजून पुरते राजी नाहीत. पण परवा "त्या खोलीची कडी सैल आहे," म्हणत सुताराला बोलावून आणले, ते त्यांनीच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)