कामठ्याचे अनामिक मृत

गोंदियापासून काही कोसांवर वसलेले कामठा हे गाव आज भोवतालच्या धानाच्या बांध्यांमुळे आणि शेजारच्या बिरसी येथील धावपट्टीमुळे परिचित असले, तरी नागपूरकर भोसल्यांच्या राज्याच्या उत्तरकाळात ते वैनगंगेच्या खोऱ्यातील एका विस्तीर्ण जमीनदारीचे मुख्य ठाणे होते; आणि १८१८ सालच्या सप्टेंबर महिन्यात, पावसाळा पुरता सरलेला नसताना, कॅप्टन गॉर्डन याच्या हाताखालील फौजेने हल्ला करून हे ठाणे घेतले, तेव्हा जमीनदार चिमणा पाटील याच्या बाजूने लढताना जी माणसे पडली, त्यांची नावनिशी कोणत्याही जयस्तंभावर कोरली गेली नाही. ती कोठे पुरली गेली, कोठे जाळली गेली, की तशीच चिखलात राहिली, याची नोंद करण्यात त्या वेळच्या विजेत्यांना स्वारस्य नव्हते, आणि ज्यांना ते असू शकले असते त्यांचे दप्तर जमीनदारीबरोबरच हातचे गेले.

या लढ्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८१७ च्या नोव्हेंबरच्या २६ व २७ तारखांस सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा आणि रेसिडेंट जेंकिन्स याच्या तुकडीचा संग्राम झाला; पुढे १६ डिसेंबरला नागपूरची लढाई होऊन राजसत्ता नावापुरती उरली; १८१८ च्या मार्चमध्ये अप्पासाहेबांस अटक झाली, आणि प्रयागकडे नेले जात असता मे महिन्यात ते पहाऱ्यातून निसटून महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयास गेले. त्यांच्या नावाने ज्या ठिकठिकाणी हत्यार उचलले गेले, त्यांत कामठ्याचा चिमणा पाटील हा एक प्रमुख पुरुष होता. त्याच्या पराभवानंतर कामठ्याची जमीनदारी जप्त होऊन एका लोधी घराण्याकडे गेली, आणि रसेलने संपादिलेल्या, १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (गोंदिया त्या काळी भंडाऱ्यातच मोडत असे, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली) हा सारा प्रसंग जमीनदारीच्या हस्तांतराचे एक कारण म्हणून येतो. माणसांचे मरण तेथे महसुलाच्या इतिहासाचा एक पोटभाग होऊन बसले आहे.

युद्धात पडलेल्या माणसाचे नाव मागे उरायचे, तर त्याची हजेरी मांडणारे दप्तर आधी उरावे लागते. हा नियम १८१८ या एकाच सालात महाराष्ट्राच्या दोन टोकांस पडताळून पाहता येतो. त्या वर्षीच्या पहिल्याच दिवशी भीमेच्या काठी कोरेगावास जी लढाई झाली, तेथे पुढे कंपनी सरकारने उभारलेल्या स्तंभावर आपल्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे कोरली आहेत, आणि त्यांतील २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. सामान्य शिपायाचे नाव दगडावर येण्याचा असा योग त्या काळी दुर्मीळ होता. तो जेथे आला तेथे पलटणीची हजेरी होती, पगाराचा तक्ता होता, आणि आपल्या माणसांचा हिशेब ठेवण्याची सरकारची इच्छा होती. सीताबर्डीवर पडलेल्या रेसिडेंटच्या सहायकाचे, सोथबीचे, नाव त्या लढाईच्या बहुतेक वृत्तांतांत भेटते. कामठ्याच्या शिबंदीतील माणसाचे नाव जमीनदाराच्या चाकरीच्या कागदात असेल तर असेल. इंग्रजी वृत्तांतात तो केवळ 'शत्रू' आहे.

मृतांना उकरून, ओळखून, पुन्हा सन्मानाने पुरण्याची जी शिस्तबद्ध पद्धती आज जगभर प्रचलित आहे, तिचा मोठ्या प्रमाणावरील प्रारंभ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस झाला. १९१७ च्या मे महिन्यात स्थापन झालेल्या साम्राज्य युद्धकबर आयोगाने हुद्दा, वंश आणि धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृताचे नाव शिळेवर वा स्मारकावर यावे हे तत्त्व स्वीकारले, आणि युद्ध थांबताच फ्रान्सच्या रणभूमीवर उत्खननाच्या तुकड्या फिरू लागल्या. जमिनीत उभी रोवलेली बंदूक, इतरांहून गडद, निळसर झाक असलेले रुंद पात्यांचे गवत, डबक्यातील हिरवट काळे पाणी, उंदरांच्या बिळांपाशी वर आलेला हाडाचा किंवा कापडाचा तुकडा, अशा खुणांवरून ते प्रेताची जागा हेरीत. मग खिसे, मान, मनगटे, बूट तपासून ओळखबिल्ला, नंबर ठोकलेला चमचा, पलटणीचे बटण, जे हाती येईल ते त्या प्रेताच्याच नावाने वेगळे बांधून त्यावर चिठ्ठी लावीत. या कामात विद्वत्तेहून सावधपणा अधिक लागतो, कारण एका मृताचे बटण दुसऱ्याच्या गाठोड्यात गेले, तर दोन कुटुंबांना कायमचे खोटे उत्तर मिळते.

आपल्या प्रांतात या पद्धतीचे दृश्य फळ म्हणजे पुण्याजवळील खडकीची युद्धदफनभूमी. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आणि मध्य भारतात मरण पावलेल्या ज्या सैनिकांच्या कबरी विखुरलेल्या होत्या आणि ज्यांची कायमची निगा राखली जाईल अशी खात्री देता येत नव्हती, त्या कबरींतील अवशेषांसाठी ही भूमी सिद्ध करण्यात आली. तेथे १,६६८ सैनिकांची नोंद आहे, आणि त्याच आवारात पहिल्या महायुद्धातील १,८०० हून अधिक मृतांचे व पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतील १९३ सैनिकांचे स्मारकही आहे. ज्या महायुद्धाने खडकीला या रांगा दिल्या, त्याच महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रज सरकारने बिरसीची धावपट्टी बांधली. म्हणजे कामठ्याच्या ज्या टापूत १८१८ च्या मृतांचा पत्ता नाही, त्याच टापूत त्या सरकारचा सव्वाशे वर्षांनंतरचा कारभार असा होता, की त्याच्या सेवेत मेलेल्या परमुलखातील सैनिकाची कबरदेखील अंकांनिशी नोंदली जाऊन दूरच्या सुरक्षित जागी हलविली जाई.

परंतु हे तत्त्व आपल्याच माणसांच्या वाट्याला पूर्णत्वाने आले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुत येथील वेढ्यात त्या अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाल्यावर तेरा हजारांहून अधिक सैनिक व बाजारबुणगे कैदेत गेले. त्या मुलखात ज्यांची कबर सापडली नाही अशांसाठी बसऱ्यास जे स्मारक उभे राहिले, त्यावर ४०,५०० हून अधिकांचा समावेश असला, तरी भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे आली आणि हिंदी शिपायांची केवळ पलटणवार संख्या. कोरेगावच्या स्तंभावर शंभर वर्षांपूर्वी ज्याला नाव मिळाले होते, त्याच्या पणतवाला बसऱ्यास आकडा मिळाला. २२ एप्रिल २०२१ रोजी त्या आयोगाने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात कबूल केले, की आशिया व आफ्रिकेतील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने वा कोणत्याच प्रकारे नोंद झाली नाही. एका संस्थेने आपल्याच पूर्वसूरींचा असा हिशेब मांडावा, हे मला मोलाचे वाटते.

अस्थी हाती आल्या तरी त्यांपासून किती मिळते याचे उदाहरण २०१६ साली फ्रान्समधील रिशबूर येथे घडले. तेथील खोदकामात दोन हिंदी सैनिकांचे अवशेष सापडले. खांद्यावरील पितळी अक्षरांवरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे असल्याचे ठरले, आणि १२ नोव्हेंबर २०१७ रोजी लाव्हाँती येथे लष्करी इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला. पलटण कळली, माणूस कळला नाही.

आपल्या देशात मात्र या विषयाची खरी कसोटी पंजाबात, अमृतसर जिल्ह्यातील अजनाला येथे लागली, आणि तिच्याकडे विदर्भातील इतिहासाभ्यासकांनी बारकाईने पाहावे असे मला वाटते. लाहोरजवळील मियां मीरच्या छावणीतील २६ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे निःशस्त्र केलेले शिपाई ३० जुलै १८५७ रोजी आपल्या मेजरास मारून निघाले, रावीच्या काठी कित्येक मारले गेले वा बुडाले, आणि उरलेल्यांस पकडून अजनाल्यास आणण्यात आले. डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने १ ऑगस्ट रोजी, बकरीदेच्या दिवशी, त्यांना दहा-दहांच्या टोळ्यांनी बाहेर काढून गोळ्या घातल्या. २३७ जण असे मेल्यावर उरलेले ज्या बुरुजात कोंडले होते त्याचे दार उघडले, तेव्हा ४५ जण गुदमरून मेलेले आढळले. आणि सारी प्रेते एका कोरड्या विहिरीत लोटण्यात आली. हे सर्व कूपरने १८५८ साली स्वतःच्या पुस्तकात अभिमानाने लिहून ठेवले. त्या निष्ठुर पुस्तकामुळेच पुढे विहिरीचा तपास लागू शकला.

२०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस ती विहीर उघडण्यात आली. स्थानिक लोकांच्या श्रद्धेने आणि श्रमाने ते काम झाले, पण पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीवाचून झाले. थरांचा आलेख निघाला नाही, कोणते हाड कोणाच्या कवटीशेजारी होते ते नोंदले गेले नाही, आणि शेकडो सांगाडे तुकड्यांचा ढीग होऊन वर आले. पुढे पंजाब विद्यापीठ, हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्था, लखनौची बीरबल साहनी संस्था आणि काशी हिंदू विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी ५० नमुन्यांतील जनुकद्रव्य आणि ८५ नमुन्यांतील समस्थानिके तपासून २०२२ च्या एप्रिलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की ही माणसे पंजाबातील नसून गंगेच्या मैदानातील होती. कूपरच्या कथनाला विज्ञानाने दुजोरा दिला हे खरे, परंतु जे प्रश्न केवळ मातीतील मांडणीच सोडवू शकली असती, ते त्या काही दिवसांच्या घाईत कायमचे हरवले.

याहून चांगले कसे करावे, याचे शिक्षण महाराष्ट्रात उपलब्ध आहे. नागपूरजवळील माहुरझरी आणि नायकुंड येथील शिळावर्तुळांखाली घोड्यांसह व लोखंडी शस्त्रांसह पुरलेल्या माणसांचे उत्खनन शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात केले. इनामगावच्या दफनांतील सांगाड्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजात झाला. आणि सुभाष वाळिंबे यांच्यासारख्या मानवशास्त्रज्ञांनी कटिरास्थीवरून लिंग, दातांवरून व हाडांच्या सांध्यांवरून वय, आणि हाडावरील व्रणांवरून आघात वा आजार कसा वाचावा, याची परंपराच निर्माण केली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अनामिकाविषयी आपण इतकी दक्षता बाळगतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या अनामिकाविषयी ती न बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

अर्थात कामठ्यात उद्या कुदळ घालावी असे माझे म्हणणे मुळीच नाही. धानाची जमीन आलटून पालटून पाण्याखाली जाते आणि सुकते, तीत हाड झिजून नाहीसे होते. जे जाळले गेले ते राखेबरोबर गेले. आणि नांगराखाली दोनशे वर्षे राहिलेल्या भूमीत कुतूहलापोटी केलेले खोदकाम अजनाल्याहूनही अधिक नासधूस करील. कामठ्याच्या मृतांचे पहिले उत्खनन कागदांत व्हायला हवे. ह. ना. सिन्हा यांनी संपादिलेले नागपूर रेसिडेन्सीच्या कागदपत्रांचे पाच खंड १९५० च्या दशकात छापले गेले आहेत. जेंकिन्सचा १८२७ चा नागपूर राज्याविषयीचा अहवाल उपलब्ध आहे. भोसल्यांच्या व रेसिडेन्सीच्या काळातील कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात आहेत. जमीनदारीच्या शिबंदीचा ताळेबंद, जखमी वा मृताच्या वारसास दिलेली पडजमीन, जप्तीच्या वेळची याद, अशा रुक्ष कागदांतच एखाद्या शिपायाचे नाव, त्याचा गाव आणि त्याच्या मागे राहिलेले माणूस सापडण्याचा संभव असतो. इतिहासकाराने सेनापतीचा खलिता वाचताना त्याच्या शेजारचा कारकुनी तक्ता टाळू नये. मृत माणूस बहुधा तेथेच असतो.

तथापि जमीन आपण होऊन कधी बोलेल हे सांगता येत नाही. तळी खोल केली जातात, रस्ते रुंद होतात, धावपट्टीचे क्षेत्र वाढते, आणि गोंदिया जिल्ह्यात मातीकाम करणारे यंत्र आता वर्षभर फिरत असते. अशा वेळी हाड दिसताच ते उचलून बांधावर ठेवणे, ही सद्भावनेने होणारी सर्वांत मोठी हानी होय. काम तेवढ्या जागी थांबवावे, पोलीस ठाण्यास व तहसीलदारास खबर द्यावी, आणि अवशेष पुरातन असल्याचे दिसल्यास राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयास बोलावल्यावाचून पंचनामा पुरा झाला असे समजू नये. प्रेत उकरण्याचा अधिकार कायद्याने दंडाधिकाऱ्याच्या हाती ठेवला आहे, तो योग्य कारणासाठीच. आणि कामठा, लांजी, आमगाव या भागातील ज्या जुन्या पाटील, मालगुजार वा जमीनदार घराण्यांच्या माडीवर मोडी कागदांची गाठोडी अद्याप शाबूत असतील, त्यांना माझी विनंती आहे, की वाळवी लागण्यापूर्वी त्यांच्या नकला नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाकडे किंवा पुराभिलेखागाराकडे पोहोचवाव्यात, आणि त्यांत १८१८ सालचा एखादा हजेरीपट असेल तर तो सर्वांत आधी पाठवावा.