कर्नाळ्याचा सुळका आणि गिरणगावचे मनोरे

आपट्याच्या शिवारातून कर्नाळ्याकडे नजर टाकली, की किल्ल्याच्या माथ्यावरचा सुळका अंगठ्यासारखा उभा दिसतो. सुमारे सव्वाशे फूट उंचीचा हा कातळ. बोरघाट उतरून पनवेल बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर पहारा ठेवावयाचा, तर याहून चांगली जागा कोणती? पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कर्नाळा होता. १६७० साली तो परत स्वराज्यात आला. उंची म्हणजे राखण, असा तो हिशेब. आजच्या मनोऱ्यांचा हिशेब निराळा आहे, आणि तो पाहावयाचा तर आपल्याला मुंबईस जावे लागेल.

मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने त्यास देणगी दिली. उंची २८० फूट; पण तो घड्याळाचा मनोरा, त्यात बिऱ्हाडे नव्हती. बिऱ्हाडे होती चाळीत, आणि चाळ तीन-चार मजल्यांवर थांबे. साधे कारण आहे बघा: पाण्याचा हंडा घेऊन माणूस जिने चढणार तरी किती? ही अडचण अमेरिकेत सुटली. एलिशा ओटिस या कारागिराने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाळण्यावर उभे राहून वरचा दोर कापावयास लावला. पाळणा पडला नाही, आणि लिफ्टवर लोकांचा भरवसा बसला. पुढे १८८५ साली शिकागोत दहा मजली इमारतीचा भार भिंतींऐवजी मुख्यतः लोखंडी सांगाड्याने पेलला. मुंबईत राहण्याचा असा उंच मनोरा यावयास विसाव्या शतकाचे साठचे दशक उजाडले. कारमायकेल रोडवरची पंचवीस मजली ‘उषा किरण’ ती हीच.

पण लिफ्ट आणि लोखंड यांनी मनोरा उभा राहतो. तो कोठे उभा राहावा हे ठरवते जमीन. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले पुष्कळसे आपल्या कोकणातले, हे सांगावयास नको. संप असा मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. राहिली ती भर शहरातली शेकडो एकर जमीन. १९९१ च्या नियमाने तिची तीन वाटण्यांत विभागणी ठरली: एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. न्याय्य वाटणी होती, असे माझे मत आहे. पण २००१ साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, तर गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती, असे ठरले. बांधकामाखालची जागा त्यातून सुटली! मैदानांचा आणि घरांचा वाटा आटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००६ साली बदललेला नियमच कायम झाला.

मग मनोरे उठले. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ सुमारे २८० मीटर चढला. मूळ बेत ४४२ मीटरांचा होता. विमानवाहतुकीच्या परवानगीपाशी तो अडला. आपला सुळका अडतीस-चाळीस मीटरांचा, म्हणजे एकावर एक असे सात सुळके ठेवा.

आणि गिरणीत राबलेला कामगार? त्याची गोष्ट आपट्यापासून काही कोसांवर येऊन पोचते. पनवेलजवळच्या कोन गावात भाड्याच्या घरांसाठी बांधलेल्या इमारतींतली दोन हजारांहून अधिक घरे म्हाडाने २०१६ साली कामगारांसाठी सोडतीत काढली. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर, किंमत सहा लाख. संपाला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. कितीएक अर्जदार कामगार नव्हेत, त्यांचे वारस होते. घरे हाती पडण्याआधी करोनाची साथ आली, आणि इमारती विलगीकरणासाठी सरकारने ताब्यात घेतल्या. त्या परत मिळाल्या तेव्हा नळ, दारे, खिडक्या यांची नासधूस झालेली होती. दुरुस्ती कोणी करावयाची, यावर आणखी काळ गेला. ज्याच्या गिरणीवर परळात मनोरा उभा आहे, त्याच्या मुलाला आता परळला कामाला जावयाचे, तर पनवेल स्टेशन गाठून पुढे कुर्ल्याला गाडी बदलावी लागते.