‘कोल्हापुरी’ या नावाचा मालक कोण?

‘कोल्हापुरी’ चपलेच्या नावाचा तिढा समजून घ्यायचा, तर सुरुवात चामड्यापासून नव्हे, १९९९ सालच्या मुंबई उच्च न्यायालयापासून करावी लागते.

‘रेडिफ’ हे संकेतस्थळ तोवर नावारूपाला आले होते. सायबरबूथ नामक प्रतिवादीने ‘रॅडिफ’ या नावाने दुसरे काढले. रोमन लिपीत फरक केवळ एका अक्षराचा. त्याचा बचाव वाचताना आजही हसू येते: ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरे घेऊन त्यांना ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’ आणि ‘फ्री’ यांची आद्याक्षरे जोडली, की झाले नाव!

न्यायालयाला ते पटले नाही. डोमेन नावांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नव्हता. तेव्हा ‘पासिंग ऑफ’चे जुने तत्त्व कामी आले. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू नये, एवढाच त्याचा आशय. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून ट्रेडमार्कइतकेच संरक्षणीय आहे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २०१४ मध्ये ‘शादी डॉट कॉम’चे नाव प्रतिस्पर्ध्याने संकेतस्थळाच्या अदृश्य मेटाटॅगमध्ये दडवले, तेव्हा न्या. गौतम पटेल यांनी तेही रोखले.

या दोन्ही लढायांत वादी होती एकेक कंपनी. ‘कोल्हापुरी’चे तसे नाही. ते भौगोलिक मानांकन आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे.

डोमेन तंट्यांची जागतिक नियमावलीही १९९९ चीच. पण तिचे दार ट्रेडमार्कधारकालाच उघडते. फ्रान्समधील शॅम्पेन-उत्पादकांची संस्था ‘शॅम्पेन डॉट को’साठी २०११ मध्ये तिथे गेली आणि हरली, मानांकन म्हणजे आपोआप ट्रेडमार्क नव्हे, असा निर्णय आला. शॅम्पेनची ही गत, तर आमच्या सुभाषनगरातील कारागिराने कोणाचे दार ठोठवावे?

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तशाच घडणीची चप्पल आणली, आणि पेच आणखी वाढला. ‘कोल्हापुरी’ हा शब्द तिने वापरलाच नव्हता. नावाचे रक्षण करणारा कायदा, नावच न घेणाऱ्याला कसा पकडणार? माझ्या मते खरी मेख इथेच आहे, आणि त्या वेळच्या संतापात ती फारशी कोणी पाहिली नाही.

काही वकिलांची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली. नोंदणीधारक महामंडळे स्वतः दाद मागू शकतात, हे त्यामागचे कारण. महामंडळांनी मात्र दाव्याऐवजी कराराची वाट धरली. डिसेंबरमध्ये घोषणा झाली: महाराष्ट्र व कर्नाटकात दोन हजार जोड घडवायचे, किंमत सुमारे ८०० युरो, विक्री प्राडाच्या निवडक दुकानांत आणि संकेतस्थळावर.