अमेरिकेची युद्धोत्तर आर्थिक पुनर्रचना
दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्पादनव्यवस्था व समाजजीवन युद्धकालीन गरजांकडून शांतताकालीन गरजांकडे वळविण्याची प्रक्रिया. तिचा मुख्य कालखंड १९४५–४८ हा होय. या संक्रमणात अपेक्षित मंदी टळली. तथापि त्याचे लाभ व भार समाजाच्या सर्व थरांत सारखे वाटले गेले नाहीत.

पहिल्या महायुद्धानंतरचा अनुभव कटू होता. १९१८ च्या युद्धविरामानंतर सरकारी कंत्राटे पुरेशा पूर्वतयारीवाचून रद्द झाली. १९१९ मध्ये पोलाद व इतर उद्योगांत मोठे संप झाले आणि १९२०-२१ मध्ये तीव्र मंदी आली. १९३२ मध्ये बोनसच्या मागणीसाठी वॉशिंग्टन येथे जमलेल्या माजी सैनिकांना लष्कराकरवी हुसकावून लावण्यात आले. या घटनांची पुनरावृत्ती टाळण्यासाठी राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट (१८८२–१९४५) यांनी २२ जून १९४४ रोजी माजी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या अधिनियमावर सही केली. ‘जी. आय. बिल’ या नावाने तो ओळखला जातो. त्यान्वये शिक्षणखर्च, घर व व्यवसाय यांसाठी कर्जहमी आणि कमाल ५२ आठवडे दर आठवड्यास २० डॉलर बेकारी भत्ता यांची तरतूद झाली. सु. ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतले, त्यांपैकी सु. २२ लाख महाविद्यालयांत गेले.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा १९४६ च्या वसंत ऋतूपर्यंत ८० लाख लोक बेकार होतील, असा सरकारी अंदाज होता. सैन्यात सु. १.२ कोटी लोक होते. दोन वर्षांत त्यांतील बहुसंख्य घरी परतले. संघराज्य सरकारचा खर्च १९४५ मधील सु. ९३ अब्ज डॉलरवरून १९४७ मध्ये सु. ३५ अब्ज डॉलरवर आला. असे असूनही १९४६ मध्ये बेकारीचे प्रमाण शेकडा ४ च्या आसपासच राहिले. युद्धकाळात उत्पन्न वाढले होते. परंतु खरेदीस वस्तू नसल्याने लोकांजवळ बचत व युद्धरोखे साठले होते. फेब्रुवारी १९४२ पासून खाजगी मोटारगाड्यांचे उत्पादन बंद होते. १९४६ मध्ये ते २० लाखांवर आणि १९४९ मध्ये ५० लाखांवर गेले. जादा नफ्यावरील कर १९४६ च्या प्रारंभापासून रद्द झाल्याने उद्योजकांनाही उत्तेजन मिळाले.

अडचण बेकारीपेक्षा महागाईची ठरली. जादा कामाचे तास संपल्याने कामगारांची साप्ताहिक मिळकत घटली आणि १९४६ मध्ये सु. ४६ लाख कामगारांनी संपांत भाग घेतला. जनरल मोटर्समधील ११३ दिवसांच्या संपात (१९४५-४६) वॉल्टर रूथर यांनी गाड्यांच्या किंमती न वाढविता शेकडा ३० वेतनवाढ मागितली होती. ताशी १८.५ सेंटची वाढ मिळाली. मात्र किंमती ठरविण्याच्या अधिकारात कंपनीने वाटा दिला नाही. १९४६ च्या अखेरीस बहुतेक किंमत-नियंत्रणे उठली व १९४७ मध्ये महागाई शेकडा १४ वर गेली. याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन (१८८४–१९७२) यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने टॅफ्ट-हार्टली अधिनियम संमत केला व कामगार संघटनांवर निर्बंध घातले.

स्त्रियांना या संक्रमणाची किंमत मोजावी लागली. युद्धाच्या अखेरीस झालेल्या सरकारी पाहणीत सु. तीन-चतुर्थांश स्त्री-कामगारांनी नोकरीत राहण्याची इच्छा दर्शविली होती. तरीही श्रमशक्तीतील त्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून घटून १९४७ पर्यंत शेकडा ३० च्या खाली आले आणि अवजड उद्योगांतील चांगल्या वेतनाच्या जागा त्यांना सोडाव्या लागल्या. कृष्णवर्णीय माजी सैनिकांना कायद्याने समान हक्क होते. परंतु त्याची अंमलबजावणी स्थानिक अधिकारी व बँका यांच्या हाती होती. त्यामुळे, विशेषतः दक्षिणेत, त्यांना कर्जे क्वचितच मिळाली. १९४७ पासून लाँग आयलंडवर उभारलेल्या लेव्हिटाउन वसाहतीत तर त्यांना प्रवेशच नव्हता.

उत्पादन आणि रोजगार यांच्या दृष्टीने ही पुनर्रचना निःसंशय यशस्वी ठरली. घर व उच्च शिक्षण मध्यमवर्गाच्या आटोक्यात आले. परंतु ज्यांना या दोहोंपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या पुढील पिढ्यांच्या संपत्तीतील तफावतीचे एक मूळ याच काळात सापडते.