तळटीप : ‘लाकडातला चिकटा’

* लेखकाला इथे लिग्निन अभिप्रेत आहे. शब्द झकास, पण डिंकाची आठवण करून देणारा, आणि तिथेच फसगत होते. डिंक पाण्यात विरघळतो, लिग्निन नाही. लाकडाच्या वजनात त्याचा वाटा ढोबळमानाने पाव. कागद गिरणीत लगदा शिजताना ते काळ्या द्रावात उतरते आणि बहुतेक वेळा बॉयलरमध्ये जळून जाते.

पुढे आलेला ‘धातूची कात्री’ हा शब्दप्रयोग मात्र अचूक आहे. लिग्निनमधली बेंझिनची कडी एकमेकांना बरेचदा ऑक्सिजनच्या पुलांनी जोडलेली असतात. उत्प्रेरकाने तोडायचे ते पूल. १९३८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात होमर ॲडकिन्स आणि सहकाऱ्यांनी कॉपर क्रोमाइट वापरून, हायड्रोजनच्या दाबाखाली ते तोडले. पण हायड्रोजन कड्यांतही शिरला, आणि जे जपायचे तेच गेले! हल्ली भुसा मिथेनॉलमध्ये सुमारे २००–२५० अंश सेल्सिअसला तापवतात, सोबत कार्बनवर बसवलेले निकेल किंवा रुथेनियम. धातू तिथे आधीपासून हजर लागतो, कारण सुटलेले तुकडे लगेच पुन्हा एकमेकांना चिकटतात, आणि तो नवा जोड कार्बन-कार्बनचा, म्हणजे आधीच्यापेक्षा चिवट. वेळेत सापडले तर हाती येतात प्रोपिल ग्वायाकॉलसारखी फिनॉले. (‘व्हॅनिला इसेन्स’मधले व्हॅनिलिन हेही लिग्निनपासून करतात, पण ती वाट हायड्रोजनची नव्हे, ऑक्सिडीकरणाची. लेखकाने दोन्हींची गल्लत केली आहे.) — संपा.